चोडणचं खाजण आणि पाखरं

दोडामार्गातून डिचोली, मये करत खाली उतरलं, की मांडवी नदीतलं चोडण बेट लागतं. बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. तिथं जाऊया म्हटलं तर गटातल्या बायका विचारतात, "पाखरां बघूक इतक्या लांब कित्याक? परड्यात काय कमी आसत?" खरं आहे. पण आम्ही पाखरांइतकीच जमीन बघायला गेलो होतो.

ती जमीन म्हणजे खाजण. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून गोव्यातल्या लोकांनी खाडीकाठी चिखलाचे, जांभ्या दगडाचे बांध घातले. बांधात लाकडी दाराची मानस. ओहोटीला पाणी बाहेर सोडायचं, भरतीला अडवायचं. पावसानं मीठ धुऊन निघालं की कोरगुट भात लावायचं आणि मानशीजवळ मासळी धरायची. बांधाची निगा गावकरी ठेवत. ती सगळ्या गावाची जबाबदारी. १९६१ साली गोवा मुक्त झाला, पुढं कूळकायदे आले. कसणाऱ्याला हक्क मिळाला हे चांगलंच झालं, पण बांध कोणी बांधायचा हे सैल पडत गेलं. आणि बांध एका जागी फुटला तरी खारं पाणी सगळ्या शेतात शिरतं.

चोडणलाही अशी शेतं पडीक झाली. त्यात तिवर, चिपी आपसूक रुजली, मग बगळे, खंड्ये आले, थंडीत परदेशी बदकं. १९८८ साली सरकारनं तिथं अभयारण्य केलं, जेमतेम १७८ हेक्टर. कांदळवनाच्या मुळांत कोळंबी, मासळीची पिल्लं वाढतात, लाटांचा जोरही मोडतो, म्हणजे फायदा माणसांचाही आहे. तरी ज्या घराचं भात गेलं, त्या घरातल्या बाईला हे सांगून समाधान होईल असं आम्हाला वाटत नाही.

जायचं तर थंडीत जा, आणि भरतीची वेळ विचारून. पाणी चढल्याशिवाय होडी आतल्या चिंचोळ्या वाटांत शिरत नाही. ओहोटीला चिखलात निवट्या उड्या मारताना दिसतात, तेही बघण्यासारखं.

आता ज्यांचं नाव या जागेला दिलं, त्या सलीम अलींबद्दल थोडं. १९३० च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला राहताना त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. घरटं विणतो तो नर. अर्धं झालं की मादी येऊन तपासते. पसंत पडलं तरच ती राहते आणि तो उरलेलं पुरं करतो. मग हा गडी दुसरीसाठी नवं घरटं विणायला घेतो! नाव मात्र आपण बाईचं ठेवलं, सुगरण.