हेत्वाभास
हेत्वाभास : (न्यायदर्शन). वरवर खरा वाटणारा, पण साध्य (सिद्ध करायची गोष्ट) सिद्ध न करणारा हेतू (दिलेले कारण). गौतमाच्या न्यायसूत्रांत याचे सव्यभिचार, विरुद्ध, प्रकरणसम, साध्यसम व कालातीत असे ५ प्रकार येतात. रोजच्या वादात सर्वाधिक भेटतो तो सव्यभिचार : ‘ते सरकारवर टीका करतात, म्हणून देशद्रोही’. टीका देशप्रेमीही करतो. हेतू साध्याबाहेरही आढळल्याने अनुमान कोसळते. ‘आमचे नेते खोटे बोलत नाहीत, कारण ते सत्यवचनी आहेत’ हा साध्यसम : हेतूच साध्यासारखा असिद्ध. प्रचारसभेत टाळ्या मात्र यालाच पडतात. ‘तुम्ही तरी कुठे धुतल्या तांदळासारखे?’ हे उत्तर हेत्वाभासांत बसत नाही. आपल्यावरील दोष न खोडता तोच प्रतिपक्षावर ढकलणे म्हणजे मतानुज्ञा. न्यायसूत्रांतील २२ निग्रहस्थानांत, म्हणजे पराभवाच्या कारणांत, तिची गणना होते.