शंभर मुलांची पाच किलो भाजी

दोन वर्षांपूर्वी किनवट तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी गेलो होतो. शोधायचा होता शाळेच्या स्थापनेचा दाखला. मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाट उघडले आणि त्याबरोबर शालेय पोषण आहाराच्या जुन्या नोंदवह्याही बाहेर आल्या. जुना कागद दिसला की वाचायचा, एवढेच माझे संशोधनाचे शिक्षण. दाखला बाजूला राहिला आणि मी वह्या वाचत बसलो.

तांदळाची नोंद किलो-ग्रॅमपर्यंत होती: आदली शिल्लक, आजचा वापर, अखेरची शिल्लक. डाळ तशीच, तेल तसेच, मोहरी-जिऱ्याचाही हिशेब. भाजीच्या रकान्यात मात्र पानामागून पान एकच शब्द, ‘भाजीपाला’. कोणती भाजी, किती, कोणाच्या रानातली, काहीच नाही. त्या रिकाम्या राहिलेल्या माहितीचा मागोवा म्हणजे हा लेख.

या योजनेची सुरुवात १५ ऑगस्ट १९९५ ची. तेव्हा शाळेत चूलच नव्हती, त्यामुळे भाजीचा प्रश्नही नव्हता. हजेरी ८० टक्के असेल तर मुलाला महिन्याला तीन किलो धान्य कोरडेच घरी द्यायचे, असा तो नियम होता. महाराष्ट्रात तांदूळ दिला गेला. आमचा मुलूख ज्वारीच्या भाकरीचा. माझ्या लहानपणी आमच्या घरी भात शिजे तो सणावाराला. सरकारी तांदळाने ती घडी हळूहळू बदलली, पण भाकरीसोबतच्या पालेभाजीची जागा त्या तांदळाच्या पिशवीत कुठेच नव्हती.

शाळेत चूल पेटली ती न्यायालयामुळे. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला: वर्षातले किमान २०० दिवस शिजवलेले अन्न द्या, त्यात किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असू द्या. आदेश ऐतिहासिक होता. पण मोजमाप उष्मांकाचे आणि प्रथिनांचे होते, आणि ते तांदूळ-डाळीतून भरून निघते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने आकडे वाढवले, प्राथमिकला ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिकला ७०० व २०. मोजपट्टी तीच राहिली.

भाजी आली ती प्रमाणपत्रकात. प्राथमिकच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीसाठी १५०, ३०, ७५ आणि साडेसात. २००४ मध्ये केंद्राने शिजवण्याच्या खर्चासाठी दर मुलामागे दिवसाला १ रुपया धरला होता. १ मे २०२५ पासून प्राथमिकसाठी तो खर्च ६ रुपये ७८ पैसे आहे. डाळ, तेल, मसाला, जळण आणि भाजी, सगळे त्यातच.

आता व्यवहार पाहू. तांदूळ अन्न महामंडळाच्या गोदामातून येतो. ग्रामीण भागात डाळ, तेल, मसाला पुरवठादाराची गाडी आणून टाकते. शाळेच्या हाती राहते ती इंधन आणि भाजीपाल्याची रक्कम. म्हणजे ताटातली भाजी ही एकच गोष्ट गावाने ठरवायची असते. सगळ्यांत लहान रकमेत सगळ्यांत मोठी मोकळीक आहे. पण रक्कम उशिरा आली की खरेदी उधारीवर होते, आणि उधारीवर टिकणारी वस्तू घेणेच सोयीचे. म्हणून खिचडीत बटाटा, कांदा आणि पुन्हा बटाटा.

पन्नास ग्रॅम म्हणजे मूठभर. पण शंभर मुलांच्या शाळेला रोज पाच किलो भाजी लागते. २०० दिवसांची झाली दहा क्विंटल. केंद्रातल्या अशा दहा शाळा एकत्र धरल्या तर रोजची ५० किलो. एका शाळेच्या पाच किलोंसाठी कोणी व्यापारी येणार नाही, पण कापसाच्या कडेने चार सऱ्या भाजी लावणाऱ्या बाईला ते गिऱ्हाईक पुरेसे आहे. रोजच्या ५० किलोंवर एखादा बचत गट उभा राहू शकतो. किनवटला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. त्याच्या आश्रमशाळांत मुले राहतातच, तिथली भाजी दोन्ही वेळची.

भाजी या मातीत नाही असेही नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून निघून नांदेडला जोडला गेला. सीमा सरकली, पाककृती सरकली नाही. आमची अंबाडी पलीकडे गोंगुरा होते, एवढाच फरक. गोंड, कोलाम, आंध, बंजारा घरांतल्या बायांना पावसाळ्यातल्या रानभाज्या तोंडपाठ असतात. तरीही मुलाच्या ताटात बटाटा, कारण अंबाडीची पावती मिळत नाही.

यावर उपाय म्हणून परसबागेकडे बोट दाखवले जाते. कल्पना जुनी आहे. १९३७ च्या वर्ध्याच्या परिषदेतून पुढे आलेल्या नयी तालीममध्ये शेतीकाम हे शिक्षणच होते. २०१९ मध्ये केंद्राने शालेय पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मी पाहिलेल्या बागा मुलांनी मनापासून केल्या होत्या. पण हातपंपाशेजारचे चार वाफे चैत्रात वाळतात, आणि मे महिन्यात पाणी घालायला शाळेत कोणी नसते. परसबाग शिकवते खूप, पण वर्षाची दहा क्विंटल भाजी तिच्याकडून मागणे अन्याय आहे. तिच्या फोटोआड खरेदीचा प्रश्न झाकला जाऊ नये.

ब्राझीलने तो प्रश्न थेट हाताळला. २००९ च्या कायद्याने तिथे शालेय आहारासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला किमान ३० टक्के हिस्सा कुटुंबशेती करणाऱ्यांकडून खरेदीसाठी राखला गेला. आपल्याकडे २०२१ मध्ये योजना ‘पीएम पोषण’ झाली, तेव्हा शेतकरी उत्पादक कंपन्या, महिला बचत गट आणि स्थानिक अन्नपदार्थ यांना ‘प्रोत्साहन’ देण्याचे ठरले. प्रोत्साहनाला टक्केवारी नसते, म्हणून त्याचा हिशेबही कोणी मागत नाही. अंड्याचे उदाहरण ताजे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्याला एक अंडे, न खाणाऱ्याला केळी किंवा स्थानिक फळ असा निर्णय केला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा निधी थांबवला. तांदूळ कायद्याने बांधलेला आहे; जे ताजे आणि जवळचे आहे ते मर्जीवर.

वह्या परत करताना मी स्वयंपाक करणाऱ्या मावशींना सहज विचारले, “या वर्षी भाज्या कोणकोणत्या झाल्या?” त्या भांडी घासत होत्या. मान वर न करता सांगत गेल्या, “पाऊस लागला की अंबाडी, तरोटा. दिवाळी झाली की वालाच्या शेंगा, वांगे, मेथी. उन्हाळ्यात शेवगा, तो आमच्याच दारचा आणते मी. त्याचे कुठले पैसे, भाऊ?”

त्यांचा शेवगा मुलांनी खाल्ला, पण वहीत तो ‘भाजीपाला’ झाला आणि फुकटही झाला. ज्याची नोंद नाही त्याचा भाव ठरत नाही, आणि ज्याचा भाव नाही ते पुढच्या वर्षी कोणी मुद्दाम लावत नाही. मुख्याध्यापकांना मी एवढेच सुचवले: त्या एका रकान्याचे तीन करा. भाजीचे नाव, वजन, कोणाकडची. त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. त्यांनी माझ्यादेखत पट्टी घेऊन वहीच्या पुढच्या कोऱ्या पानावर दोन उभ्या रेघा मारल्या. पुढे त्या भरल्या गेल्या का, हे पाहायला मला पुन्हा जायचे आहे.