बालनटी ते राजदूत : शर्ली टेंपल ब्लॅक यांच्या कारकीर्दीचा एक विचार

लोकप्रियता आणि राजनैतिक अधिकार यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न विसाव्या शतकातील अमेरिकेच्या इतिहासात वारंवार उपस्थित होतो. शर्ली टेंपल ब्लॅक (१९२८–२०१४) यांचे चरित्र या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. बालपणीच्या कीर्तीमुळे त्यांना राजदूतपद मिळाले, असे सामान्यतः म्हटले जाते. हे विधान सर्वस्वी खोटे नव्हे. परंतु पद मिळणे आणि ते पेलणे या दोन भिन्न गोष्टी होत, याचा विसर त्यात पडतो.

शर्लीचा जन्म २३ एप्रिल १९२८ रोजी कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथे झाला. १९३२ साली तिने लघुपटांतून पदार्पण केले. १९३४ च्या 'ब्राइट आईज'सारख्या चित्रपटांनी तिला असामान्य कीर्ती मिळवून दिली. १९३५ साली तिला बालकलाकारासाठीचे खास ऑस्कर पारितोषिक देण्यात आले. १९३५ ते १९३८ अशी सलग चार वर्षे अमेरिकेत तिकीटविक्रीच्या दृष्टीने तिचेच नाव अग्रस्थानी होते. तो महामंदीचा काळ होता. बेकारीने गांजलेल्या समाजाला या हसऱ्या मुलीत दिलासा सापडला, हे तिच्या यशाचे एक प्रमुख कारण होय. या यशाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. चित्रपटसंस्थेने तिचे वय एका वर्षाने कमी करून सांगितले होते. तिने मिळविलेल्या सुमारे ३२ लक्ष डॉलरांपैकी प्रौढपणी तिच्या हाती अवघे ४४ हजार डॉलर उरले. १९५० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तिने चित्रपटसंन्यास घेतला.

बालनटाची प्रतिमा लोकस्मृतीत गोठून राहते, हा अनुभव महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. दादासाहेब फाळके यांची कन्या मंदाकिनी १९१९ च्या 'कालियामर्दन' या चित्रपटातील बालकृष्ण म्हणूनच स्मरणात राहिली. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या 'श्यामची आई' या चित्रपटात श्यामची भूमिका करणारे माधव वझे पुढे इंग्रजीचे प्राध्यापक आणि रंगकर्मी झाले, तरी अनेक प्रेक्षकांच्या लेखी ते श्यामच राहिले. शर्ली टेंपल यांना तर ही प्रतिमा परराष्ट्रव्यवहारात सोबत घेऊन जावे लागले.

या प्रतिमेचे स्वरूप जॉन फोर्ड यांच्या १९३७ च्या 'वी विली विंकी' या चित्रपटात स्पष्ट दिसते. किपलिंगच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटाची पार्श्वभूमी हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीची आहे. ब्रिटिश कर्नल आणि सरहद्दीवरील बंडखोर सरदार यांचे वैर एका चिमुरडीच्या निरागसतेने मिटते, असे त्यात दाखविले आहे. साम्राज्य आणि त्याच्या अंकित जनता यांच्यातील संघर्षाची राजकीय कारणे या कल्पनेत पार लोपून जातात. पडद्यावरील ही मुत्सद्देगिरी आणि प्रत्यक्षातील मुत्सद्देगिरी यांतील अंतर शर्ली टेंपल ब्लॅक यांना पुढे चांगलेच उमगले.

१९६७ साली त्यांनी अमेरिकन काँग्रेसची निवडणूक लढविली आणि तीत त्यांचा पराभव झाला. लोकप्रियतेचे मतांत रूपांतर झाले नाही. १९६९ साली अध्यक्ष निक्सन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतील प्रतिनिधिमंडळात त्यांची नियुक्ती केली. १९७२ च्या स्टॉकहोम येथील मानवी पर्यावरण परिषदेतही त्या प्रतिनिधी होत्या. इंदिरा गांधी यांचे गाजलेले भाषण याच परिषदेत झाले. १९७४ साली त्यांना घानामध्ये राजदूत नेमण्यात आले, तेव्हा ही नेमणूक अनेकांना थट्टेचा विषय वाटली. अमेरिकेत सेवेबाहेरील व्यक्तींना राजदूतपद देण्याची जुनी प्रथा आहे, आणि व्यावसायिक मुत्सद्द्यांचा तिच्यावरील आक्षेपही तितकाच जुना आहे. घानामध्ये त्यांचे स्वागत आपुलकीने झाले. तथापि १९७६ साली परराष्ट्रमंत्री किसिंजर यांची नियोजित भेट तेथील लष्करी राजवटीने रद्द केली, तेव्हा राजदूताची व्यक्तिगत लोकप्रियता ती घडवून आणू शकली नाही. त्याच वर्षी त्या अमेरिकेच्या राजशिष्टाचारप्रमुख झाल्या. हे पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

त्यांच्या कारकीर्दीचे खरे मूल्य प्रागमध्ये प्रत्ययास येते. ऑगस्ट १९६८ मध्ये, मज्जासंस्थेच्या एका विकाराविषयी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कार्यासाठी त्या तेथे गेल्या असता, सोव्हिएत रणगाडे शहरात शिरलेले त्यांनी पाहिले. ऑगस्ट १९८९ मध्ये त्या त्याच नगरीत राजदूत म्हणून परतल्या. १७ नोव्हेंबरला विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला आणि २९ डिसेंबरला वाक्लाव हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. हे परिवर्तन चेक आणि स्लोव्हाक नागरिकांनी घडविले. त्याचे श्रेय कोणत्याही परदेशी वकिलातीला देता येणार नाही. परंतु एकवीस वर्षांपूर्वी चिरडली गेलेली आशा ज्यांनी स्वतः पाहिली होती, अशा राजदूताची तेथील उपस्थिती अर्थपूर्ण होती. १९९२ च्या जुलैपर्यंत त्या तेथे राहिल्या.

तात्पर्य, कीर्तीने शर्ली टेंपल ब्लॅक यांना प्रवेश दिला. विश्वास मात्र दिला नाही. तो त्यांनी दोन दशकांच्या सार्वजनिक कार्यातून मिळविला. चित्रपटातील मुलीला सरदाराच्या तळावर केवळ निरागसतेच्या बळावर शांतता घडविता आली. प्रौढ राजदूताला मात्र आधी इतिहास पाहावा लागला आणि मग त्याचे भान राखून वागावे लागले.