गेगोंगमधली रात्र

पाय जपून टाका. थंडीनं वाट दगडासारखी झाली आहे आणि गावात उजेड म्हणून नाही. तारीख ८ डिसेंबर, साल १९४२. तुम्ही उत्तर चीनच्या हेबेई प्रांतात, तांग जिल्ह्यातल्या गेगोंग गावात आहात. मागचा काळा डोंगर ताइहांगचा. खालच्या मैदानातली शहरं आणि रेल्वे जपान्यांच्या ताब्यात आहेत. इथं औषध येतं ते चोरवाटांनी, आणि पुष्कळदा येतच नाही.

त्या कागदी खिडकीच्या घराकडे चला. वाकून आत या. अर्धी खोली व्यापणारा तो ओटा म्हणजे कांग. त्याच्या पोटातून चुलीची धग फिरते आणि वर माणसं झोपतात, जेवतात, लिहितात. तळहात टेकून बघा, कोमट लागेल. भांड्यातला वास तर ओळखीचाच वाटेल. राळ्याची पेज आहे ती. भोगीला राळ्याचा भात खाल्लेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही.

दिव्यापाशी आहेत ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस, मूळचे सोलापूरचे. वय ३२. इथं त्यांना क दीहुआ म्हणतात. ‘हुआ’ म्हणजे चीन. मुंबईहून १ सप्टेंबर १९३८ ला निघालेल्या पाचही भारतीय डॉक्टरांनी ते अक्षर आपल्या चिनी नावाच्या शेवटी जोडून घेतलं. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी चीनला डॉक्टर पाठवण्याची हाक दिली, आणि परळच्या शेठ जी. एस. मेडिकलमधून नुकताच बाहेर पडलेला हा तरुण निघाला. तिकडे पोचल्यावर काही महिन्यांतच वडील गेल्याची बातमी आली, तरी ते परतले नाहीत. पाचांपैकी तिघं केव्हाच मायदेशी गेले, डॉ. बसू दूर येनानला आहेत. या डोंगरात आपल्याकडचे हे एकटेच.

त्यांच्यापुढचे कागद जरा जवळून बघा. शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहिताहेत, तेही चिनी भाषेत. चार वर्षांपूर्वी या भाषेचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. हे लिखाण इथल्या वैद्यकीय शाळेतल्या पोरांसाठी. बॉम्बगोळे पडत असताना शिकायचं आणि शिकता शिकता जखमींच्या उशाशी उभं राहायचं, अशी ही शाळा. तिला नॉर्मन बेथ्यून यांचं नाव आहे. हे कॅनडाचे सर्जन तीन वर्षांपूर्वी याच तांग जिल्ह्यात वारले. हातमोजे नसताना शस्त्रक्रिया करताना बोट कापलं आणि रक्तात विष भिनलं. त्यांच्या नावानं निघालेल्या रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून कोटणीसांनी जानेवारी १९४१ मध्ये सूत्रं हाती घेतली. बेथ्यून कशानं गेले ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. स्वतःला फेफरं येतं, तेही ठाऊक होतं.

रात्र चढते आणि आकडी येते. ओसरते, पुन्हा येते.

आपल्याकडे फेफरं आलं की कांदा नाहीतर चप्पल नाकाशी धरायला माणसं धावतात. तुम्ही तसं करू नका. हातपाय दाबून धरू नका, दातांत काही घालू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा आणि वेळ मोजा. पाच मिनिटांवर गेली तर धोका, एवढं तुम्हाला आपल्या काळात कुणीतरी शिकवलंय. पण मोजून पुढे काय करणार? फेनिटॉइन नावाचं औषध १९३८ साली, म्हणजे हे बोटीत बसले त्याच वर्षी, अमेरिकेत वापरात आलं. आज ते कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. तुमचे खिसे मात्र रिकामे आहेत. नाडीवर बोट ठेवून बसण्यापलीकडे तुमच्या हाती काही नाही.

सहकाऱ्यांनी विश्रांतीसाठी विनवण्या केल्या होत्या. ते काम सोडायला तयार नव्हते. १९४० च्या लढाईत सलग तीन दिवस-रात्र शस्त्रक्रिया करणारा हा माणूस, त्याला झोप घे म्हणून कोण सांगणार? मला या हट्टाचा अभिमान वाटतो आणि त्याचा रागही येतो. दुसऱ्याच्या दुखण्यासाठी समुद्र ओलांडून आलेल्या माणसाचं स्वतःचं दुखणं कुणीतरी हुकूम म्हणून हातात घ्यायला हवं होतं. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर सिनेमा काढला आणि कोटणीस घराघरांत पोचले. त्या अमर कहाणीचा त्याग आपल्याला पाठ आहे. आजार मात्र आपण एका ओळीत उरकतो.

खिडकीचा कागद करडा होऊ लागलाय. आणखी थोडा वेळ बसा, त्यांना एकटं सोडू नका.

९ डिसेंबरच्या पहाटे ते गेले. पुस्तक अपुरं राहिलं. पत्नी क्वो छिंगलान हिच्यापाशी साडेतीन महिन्यांचा मुलगा होता. त्याचं नाव इन्हुआ. इन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

सोलापुरातलं त्यांचं घर आज स्मारक म्हणून जपलेलं आहे. लेकरांना घेऊन जाल तेव्हा बोटीची आणि लढाईची गोष्ट सांगा, आणि ही रात्रही सांगा.