उज्जैनच्या मल्लखांबाचं मूळ कुठलं?

कराटे जपानी म्हणून जगभर शिकवतात. पण ते आलं ओकिनावा बेटावरून आणि तिथल्या तालमीत चीनच्या फुजियान प्रांतातले डाव मुरलेले. आधी या नावाचा अर्थच ‘चिनी हात’ असा व्हायचा. तो ‘रिकामा हात’ झाला 1930च्या दशकात.

आपल्याकडं अशीच वाट मल्लखांबाची आहे. मध्य प्रदेशानं 2013 मध्ये त्याला राज्य खेळ केलं. उज्जैन हे त्याचं मोठं केंद्र. तिथले प्रशिक्षक योगेश मालवीय यांना 2020चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. मग हा खेळ माळव्याचा का? तर नाही. त्याचा जुना लेखी उल्लेख बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात सापडतो. तो चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा, आणि त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे बिदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण. आपल्या सीमाभागातलंच की!

पुढं खेळ मागं पडला. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभटदादा देवधर यांनी तो पुन्हा उभा केला, मूळ हेतू पैलवानांचा सराव. सप्तशृंगीवर माकडांच्या उड्या पाहून त्यांना डाव सुचले म्हणतात. ती आख्यायिका समजावी.

आख्यायिकेपेक्षा शब्द जास्त सांगतात. अढी, तेढी, दसरंग, सुईदोरा ही नावं मराठी तालमीतली. एरंडेल लावलेल्या खांबावर चढणारं पोर घरी हिंदी बोलत असलं तरी आधी शिकतं ती अढीच.