सार्वजनिक घर आणि सरकारी गुत्ता

दोन शब्द घेऊन मी आपल्यापुढे उभा आहे. एक विलायती, पब. दुसरा आपला, गुत्ता. व्यवहारात दोहोंचा अर्थ एकच, दारू पिण्याची जागा. पण मुळाशी गेले की वाटा फुटतात. पब हे 'पब्लिक हाउस'चे लघुरूप. म्हणजे सार्वजनिक घर. गुत्ता म्हणजे जुन्या मराठीत मक्ता, ठेका, सरकारात रक्कम भरून विकत घेतलेला हक्क. तिकडे जागेला नाव पडले ते तिथे कोण बसते यावरून; आपल्याकडे पडले ते गल्ल्यावर कोण बसतो यावरून. माझे सारे म्हणणे या एका फरकाभोवती आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे वाचन गोंदियाच्या भातगिरण्यांतील हमाल आणि आसपासच्या गावचे बिडी कामगार यांची संघटना बांधताना, रात्रीचे झाले. विलायत पाहिलेली नाही आणि पबची पायरी चढलेलो नाही. तरीही इंग्रज कामगारांचा इतिहास वाचताना पबात जावेच लागते, त्याला इलाज नाही.

मध्ययुगात इंग्लंडच्या खेड्यांत बार्लीची दारू, जिला ते 'एल' म्हणतात, बहुधा बायकाच घरी गाळीत. दारू तयार झाली की दारावर एक काठी बाहेर काढून लावायची; गावाने समजावे की आज या घरी प्यायला मिळेल. राजाचे लक्ष त्यावर लवकर गेले. १२१५ च्या मॅग्ना कार्टात एलचे माप राज्यभर एकच असावे असे कलम आहे. १५५२ साली दारूघराला न्यायाधीशाचा परवाना सक्तीचा झाला. म्हणजे कर, माप आणि परवाना तिकडेही होताच. पण परवाना मिळाला तो घराला, आणि त्या घरात शेकोटी होती, बाके होती, बसून बोलायला जागा होती.

कामगाराने या बाकांचा उपयोग कसा केला पाहा. १७९२ च्या जानेवारीत लंडनमध्ये स्ट्रँडजवळच्या 'बेल' नावाच्या दारूघरात टॉमस हार्डी या चांभाराने आपल्यासारखी आठ-नऊ माणसे जमवली. वर्गणी आठवड्याला एक पेनी. सामान्य माणसाला मताचा अधिकार हवा, एवढीच मागणी. त्यातून 'लंडन करस्पाँडिंग सोसायटी' उभी राहिली, आणि दोन वर्षांत सरकारने हार्डीवर राजद्रोहाचा खटला भरला. पंचांनी त्याला निर्दोष सोडले. १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी कामगारांच्या संघटना बेकायदा ठरल्या, तेव्हाही त्या पबाच्या माडीवर जगल्या. संघटनेची पेटी तिथेच राही. बेकार कारागीर गावोगाव फिरताना आपल्या धंद्याच्या ठरलेल्या पबात उतरे. तिथे त्याला जेवण, रात्रीचा आसरा आणि कामाची बातमी मिळे. जागेचे भाडे पुष्कळदा पैशात नसे, सभासदांनी अमुक इतकी दारू प्यावी अशा रूपात असे.

इथेच पबाची दुसरी बाजू दिसू लागते. लंडनच्या बंदरात जहाजांतून कोळसा उतरवणाऱ्या मजुरांना काम पबवाल्यामार्फतच मिळे. जो जास्त पिईल त्याचा नंबर आधी. मजुरीही तिथेच, उधारी वजा करून. १८४३ साली पार्लमेंटने खास या मजुरांसाठी वेगळी कचेरी काढून ही साखळी तोडली. आदल्याच वर्षी खाणकामगारांची मजुरी दारूघरात वाटण्याला बंदी झाली होती, आणि १८८३ साली पबात मजुरी वाटण्याविरुद्ध सर्वसाधारण कायदाच झाला. तो माझ्या वाचनात आला त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण माझ्या समोर तेच चालू होते, शंभराहून अधिक वर्षांनंतर, आपल्याच गावात. त्याकडे मी शेवटी येईन. आधी आपला गुत्ता कसा आला ते पाहू.

आपला हा मुलूख झाडीचा. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याआधी तो भंडाऱ्यात होता. सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगाव या भागांत चैत्रात पहाटे गेलात तर मोहाच्या झाडाखाली बायका-पोरे टोपल्या घेऊन वाकलेली दिसतील. फूल रात्री गळते, फिक्या पिवळ्या रंगाचे, मांसल, गोड. उन्हात वाळले की तपकिरी होते आणि वर्षभर टिकते. दुष्काळात लोकांनी ते भाकरीऐवजी खाल्ले आहे. बियांचे तेल निघते. आणि हेच फूल चार-सहा दिवस पाण्यात आंबवून, मडक्यावर मडके ठेवून, बांबूच्या नळीने वाफ थंड केली की दारू होते. गोंडांच्या घरी जन्म, लग्न, मरण, देवाची पूजा यांतले काही या दारूवाचून पुरे होत नसे. आधी चार थेंब जमिनीवर देवाला आणि पूर्वजांना, मग पळसाच्या पानाच्या द्रोणात माणसांना. विलायतेत दारावरची काठी जे सांगे, ते इथे वासच सांगे.

इंग्रजी अंमल आला आणि सरकारला या मडक्यात महसूल दिसला. भट्टीचा लिलाव सुरू झाला. एखाद्या टापूत दारू गाळून विकण्याचा हक्क जो जास्त बोली देईल त्याचा. पुढे बऱ्याच ठिकाणी भट्ट्या बंद करून सरकारी देखरेखीची मोठी भट्टी, तिथे निघणाऱ्या मालावर कर, आणि किरकोळ दुकानांचा पुन्हा लिलाव, अशी व्यवस्था आली. १९०५ साली सबंध हिंदुस्थानच्या अबकारीचा विचार करण्यास समिती नेमली गेली. मध्यप्रांताचा अबकारी कायदा १९१५ चा. तिकडे कोकणात तर १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांवरच निर्बंध आले. झाडावरून गळणारे फूल घरात ठेवणे हा गुन्हा!

लिलावात जास्त बोली लावणाऱ्याने ती रक्कम काढायची कुठून? पिणाऱ्याकडूनच. म्हणून उधारी आली, उधारीवर व्याज आले, आणि व्याजापायी शेत गेले. रसेल आणि हिरालाल यांचा मध्यप्रांतातील जाती-जमातींवरचा मोठा ग्रंथ १९१६ चा. त्यात कलार आणि गोंड यांच्यावरची प्रकरणे शेजारी ठेवून वाचावीत. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्या जिल्ह्यात कलार समाज मोठा आहे, बहुतेक शेती करणारा, कष्टाळू. त्यांच्या एका जुन्या धंद्यावरून त्या समाजाला बोल लावणे मला मान्य नाही. हक्क लिलावात काढला तो सरकारने, आणि ठेका कोणत्याही जातीच्या हाती दिला असता तरी हेच घडले असते.

सालेकसा भागात एका म्हाताऱ्या बाईच्या घरून पोलिसांनी मोहाचा सडवा ओतून टाकला होता. ती मला म्हणाली, "भाऊ, फूल जंगलाचं, घागर माझी, लाकडं म्या आणली, मंग चोरी कोणाची झाली?" मला उत्तर देता आले नाही.

दारूविरुद्ध आपल्याकडे बोलले ते केवळ सोवळे लोक नव्हते. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली शहरात वाढत्या दारूदुकानांविरुद्ध लिहिते झाले. त्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवली ती परळच्या सुपारीबागेत. १८९० साली रविवारची सुटी मिळाली, त्या मागणीची मोठी सभाही रेसकोर्सच्या मैदानावर झाली. हार्डी दारूघराच्या बाकावर बसला, लोखंडे उघड्या मैदानात उभे राहिले. लोखंड्यांनी गुत्त्यात सभा का घेतली नाही, असे कोणी विचारणारही नाही. तिथे बसायला जागाच नव्हती. उभ्याने प्यावे आणि वाटेला लागावे, हीच त्याची रचना.

मग दारूबंदी आली. मध्यप्रांत-वऱ्हाडचा कायदा १९३८ चा, मुंबई राज्याचा १९४९ चा. दारूबंदी पुढे सैल झाली आणि १९७३ च्या नियमांखाली 'देशी दारू' दुकानात आली. पण ही देशी म्हणजे मोहाची नव्हे. ती प्रामुख्याने साखर कारखान्यांच्या मळीपासून काढलेल्या अर्काची, कारखान्यात बाटलीबंद केलेली. आपल्या जंगलात फूल कुजते आणि उसाच्या मळीची बाटली ट्रकने झाडीत येते. विलायतेतही याच सुमारास असेच काही झाले. मोठ्या कारखानदारांनी एल गाळून, तापवून, त्यातले जिवंत किण्व मारून, वायूच्या दाबाने नळातून सोडायला सुरुवात केली. १९७१ साली चार मित्रांनी याविरुद्ध संघटना काढली. त्यांची मागणी अशी की खरी एल पिंपातच मुरली पाहिजे आणि बाहेरच्या वायूच्या दाबाशिवाय पेल्यात आली पाहिजे. त्या चौघांची पुढे लाखावर सभासदांची संघटना झाली. जुन्या गावातले जुने पब त्यांनी नोंदले, वाचवले. वाचताना मला हसू आले आणि हेवाही वाटला. आमच्याकडे मोहाच्या बाजूने चौघे उठले असते तर पोलीस ठाण्यात चौघांचीही नावे लिहिली गेली असती!

आता थोडे बदलले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने मोहफुलांसारख्या गौण वनोपजावर जंगलात राहणाऱ्यांचा हक्क मान्य केला. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करणे, साठवणे, नेणे यांवरील बरीच बंधने उठवली. दुकानाच्या बाबतीत बायकांना एक हत्यार मिळाले आहे. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या वा वॉर्डातल्या निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी दुकानाविरुद्ध मत दिले तर ते बंद होते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चित्रे असतात. मी अशा प्रचारात हिंडलो आहे. ज्या बाया घरी पूजेला मोहाचे चार थेंब जमिनीवर सोडतात, त्याच आडव्या बाटलीवर शिक्का मारायला रांगेत उभ्या असलेल्या पाहिल्या आहेत. काहींना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही.

आता ती राहिलेली गोष्ट. पंचवीस वर्षांपूर्वी एका भातगिरणीत, नाव नको, हमालांची नवी संघटना आम्ही बांधत होतो. शनिवारी सहाला सभा ठेवावी तर चाळीसांपैकी पाच येत. दोन शनिवार असेच गेले. तिसऱ्या शनिवारी मी शोधत निघालो, तर मुकादम देशी दारूच्या दुकानाच्या ओट्यावर हजेरीवही घेऊन बसलेला. एकेकाला हाक, पैसे मोजणे, शेजारीच दुकानदाराची उधारीची वही. माणसाच्या हाती मजुरी पडण्याआधी तिचा तुकडा पडत होता. बाहेर रस्त्यापलीकडे आठ-दहा बायका उभ्या. आत जायची लाज, आणि घरी परतायची सोय नाही.

पिऊ नका, असे मी कोणालाच म्हटले नाही. म्हटले असते तर पाचही आले नसते. मागणी एकच लिहिली. ठेकेदाराच्या मजुरांना पगार वाटताना मूळ मालकाचा माणूस हजर पाहिजे, अशी १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याची तरतूद होती. तिचा आधार घेऊन आम्ही लिहिले की पगार गिरणीच्या फाटकात, मालकाच्या कारकुनासमोर वाटावा. मुकादम चिडला, दुकानदाराने निरोप पाठवले, दोन माणसे कामावरून बंद झाली. सात आठवडे गेले. आठव्या शनिवारी फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली टेबल मांडले गेले. त्या संध्याकाळी काही जण पैसे घेऊन तडक दुकानात गेले, हे खरे आहे. पण आधी समोरच्या टपरीवर थांबले, अर्धा कप चहा प्याले आणि वर्गणीच्या पावत्या फाडून घेतल्या, एकतीस पावत्या. बायका तिथेच बाकावर बसल्या होत्या.