गिरगावची खाद्यफेरी आणि आपल्या घाटावरचा कापूस

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या महिन्यात मुंबईला भाच्याकडे गेलो होतो. म्हणाला, "मामा, उद्या फूड वॉकला जाऊ." म्हटलं, हे काय नवीन? तर एक गाइड आपल्याला पायी गल्लीबोळातून फिरवतो, ठिकठिकाणी थोडं थोडं खायला घालतो आणि त्या पदार्थाची गोष्ट सांगतो. त्याचे पैसे द्यायचे. आकडा ऐकून मी गप्पच झालो, तेवढ्यात आमच्या घरचा आठवड्याचा बाजार झाला असता! पण त्याने आधीच पैसे भरले होते, मग गेलो.

ठाकूरद्वारला सुरुवात, मध्ये खोताची वाडी आणि शेवट गिरगाव चौपाटीवर. आम्ही दहा-बारा जण. गाइड म्हणजे कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली पोरगी, पण बोलायला लय हुशार. मिसळ झाली, साबुदाणा वडा झाला, पियूष झालं. खोताच्या वाडीत लाकडी जिन्यांची, व्हरांड्यांची जुनी घरं पाहिली. तिथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचा 'बॉटल मसाला' तिने सांगितला: उन्हाळ्यात मिरच्या-मसाले वाळवून, भाजून, कुटायचे आणि वर्षभरासाठी बाटल्यांत ठासून भरायचे. मला आपल्या उन्हाळ्यातल्या तिखट-मसाल्याची आठवण आली. फरक फक्त बरणी आणि बाटलीचा. हे लोक इथलेच, मूळचे मराठी बोलणारे. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा घेतलं.

मग तिने वडापावचा विषय काढला. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो विकायला सुरुवात केली, असं मानलं जातं. मुंबईचा अस्सल पदार्थ! पण त्यातला बटाटा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगिजांबरोबर आलेला. 'बटाटा' आणि 'पाव' हे शब्दसुद्धा पोर्तुगीजच. मिरचीही तिकडचीच.

इथे मी थबकलो. मिरची समुद्रावरून आली, तर मग आपला ठेचा? त्यातली मिरचीही तीच आणि शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचाच. ज्या ज्वारीच्या भाकरीवर आपण तो ठेचा घेतो, ती ज्वारी तर काही हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली. आपल्या जिल्ह्याची शान असलेली शेगावची कचोरी घ्या. फाळणीनंतर पंजाबकडून आलेल्या एका कुटुंबाने ती शेगाव स्टेशनवर सुरू केली. म्हणजे 'आमचं अस्सल' म्हणून आपण ज्यावर छाती फुगवतो, ते कधी ना कधी कुणीतरी बाहेरून आलेल्याने आणलेलं आहे. भेळवाल्याला किंवा भजीवाल्याला 'बाहेरचा' म्हणून हाकलायला निघण्याआधी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पण माझ्या डोक्यात दुसरंच चालू होतं. मी तिला विचारलं, "बाई, हे एवढे लोक इथे आले कशाला? आणि ते जेवायचे कुठे?"

ती म्हणाली, "काका, गिरण्यांसाठी आले. पण त्यांच्या खाणावळी आता फारशा उरल्या नाहीत, म्हणून आपल्या रूटवर नाहीत."

खरी गोष्ट इथूनच सुरू होते, आणि ती आपल्या दारातून जाते.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. इंग्रजांना हवा होता आपला कापूस. १८५४ साली कावसजी दावर यांनी गिरगावापासून जवळच, ताडदेवला, मुंबईच्या पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत मलकापूर-शेगाववरून रेल्वे नागपूरला पोचली. १८७० साली जलंब-खामगाव हा फाटा खास खामगावच्या कापूस बाजारासाठी सुरू झाला. माझे आजोबा सांगायचे, घाटावरच्या गाड्या कापूस भरून घाट उतरायच्या, रातभर बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज यायचा.

तो कापूस मुंबईत उतरला. त्यावर गिरण्या चालल्या. गिरण्यांसाठी कोकणातून, घाटावरून (हा घाट म्हणजे सह्याद्री, आपला नव्हे) हजारो गडी एकटे आले. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीपाळीने झोपायचे. बायको-पोरं गावाकडे. मग त्यांना दोन वेळचं जेवण कुणी घातलं? लालबाग-परळच्या चाळींतल्या बायांनी. दहा बाय दहाच्या खोलीत, स्टोव्हच्या धुरात, पहाटे चारपासून भाकऱ्या थापणाऱ्या बाया. पैसे महिन्याच्या पगाराला मिळायचे. गिरणी बंद पडली की उधारी बुडायची, पण वाण्याचं आणि सावकाराचं देणं डोक्यावर तसंच राहायचं.

१९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी याच खाणावळवाल्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. चौदा बायांपासून सुरुवात झाली. सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. ज्या कामाला तोवर कुणी 'काम'सुद्धा म्हणत नव्हतं, त्याला बँकेच्या वहीत जागा मिळाली. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. हळूहळू गिरण्या गेल्या, त्या जागी टॉवर आणि मॉल आले. जेवणारे गेले तशा खाणावळीही आटल्या. आता त्याच शहरात 'जुन्या मुंबईची चव' म्हणून फेऱ्या निघतात, आणि जिने खरं शहर पोसलं ती बाईच त्या फेरीत नाही.

फेरी संपली चौपाटीवर, भेळेच्या गाडीपाशी. समोर लोकमान्य टिळकांचा पुतळा. १९२० साली त्यांचे अंत्यसंस्कार याच वाळूवर झाले. तो इतिहास लिहिलेला आहे, आणि असायलाच पाहिजे. पण पिढ्यान् पिढ्या इथे भेळ कालवणाऱ्यांची नावं कुणी लिहून ठेवली?

मी त्या पोरीला नावं ठेवत नाही. तिने जीव लावून काम केलं. माझं म्हणणं एवढंच, की अन्नाची गोष्ट विकायची असेल, तर अन्न करणाऱ्याला त्यात हिस्सा पाहिजे. हे होऊ शकतं. माहीमच्या कोळीवाड्यात महापालिकेने किनाऱ्यावर सी-फूड प्लाझा सुरू केला, तेव्हा चुली कोळी बायांच्या बचत गटांच्याच हाती दिल्या. कायदाही आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले पाहिजेत, आणि त्यांत एक तृतीयांश महिला. हा कायदा फक्त मुंबईचा नाही, आपल्या मेहकरसारख्या नगरपालिकेलाही लागू आहे. जानेफळला ग्रामपंचायत आहे, म्हणून तो तसाच्या तसा इथे येत नाही. पण त्यातला विचार आणायला कोण अडवतंय?

निघताना त्या पोरीने विचारलं, "काका, तुमच्या गावचं खास काय?" मी म्हटलं, रोडगे आणि वांग्याची भाजी. तिने विचारलं, "कोण चांगले करतं?" माझ्या तोंडून एक नाव निघालं नाही. वास्तविक गावातल्या प्रत्येक पंगतीत मी ते खाल्लेत. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजणारे हात मला दिसत होते, पण नावं मी कधी विचारलीच नव्हती.

लोणारचं सरोवर आपल्यापासून लांब नाही. जगभरातून माणसं ते पाहायला येतात. उद्या तिथेही कुणी 'वऱ्हाडी चवीची फेरी' काढेल. तेव्हा चूल आपल्या बायांची असेल की फक्त गोष्ट आपली आणि गल्ला दुसऱ्याचा, हे आजच ठरवावं लागेल.

म्हणून दोन गोष्टी. एक, येत्या ग्रामसभेत आठवडी बाजारात खायचं विकणाऱ्यांसाठी सावली आणि पिण्याच्या पाण्याचा विषय मी मांडणार आहे, सोबत या. दुसरी, तुमच्या आठवणीत पंगतीचा स्वयंपाक करणाऱ्या, बाजारात भजी तळणाऱ्या, खाणावळ चालवणाऱ्या जुन्या माणसांना किंवा त्यांच्या घरच्यांना भेटा, त्यांना विचारून त्यांची हकीकत वहीत उतरवा. त्या वह्या एकत्र करू.

पुढच्या वेळी कुणी विचारलं, तर मला नाव सांगता आलं पाहिजे.